साइट बंद का होते? इंटरनेट आणि होस्टिंगच्या वापर-नियमांची सोपी ओळख

होस्टिंग कंपनी, म्हणजे आपली साइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून जगाला दाखवणारी कंपनी, साइट बंद करते तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण मी केलं काय?’ छोट्या साइटच्या बाबतीत बरेचदा खरं उत्तर असं असतं की मालकाने काहीच केलेलं नसतं, त्याच्या खात्यातून काहीतरी झालेलं असतं. पतसंस्थेच्या साइटवर कुणीतरी बँकेचं खोटं लॉगिन पान आणून ठेवलेलं असतं. क्लासच्या साइटवरचा संपर्क-फॉर्म रात्रभर हजारो मेल पाठवत बसलेला असतो. मालकाने केलं की त्याच्या खात्यातून झालं, हा फरक आपल्याला फार मोठा वाटतो. कंपनीला तो जवळजवळ दिसतच नाही. आणि तसं लेखी दिलेलं असतं. खातं उघडताना आपण ज्या अटींवर टिक केली, त्यातच.

त्या अटींना अ‍ॅक्सेप्टेबल यूज पॉलिसी म्हणतात, थोडक्यात एयूपी. आपण वापर-नियम म्हणू. किंमत, मुदत, परतावा हे सगळं दुसऱ्या करारात असतं. या कनेक्शनवरून किंवा या सर्व्हरवरून काय करायचं नाही, आणि केलं तर कंपनी काय करणार, एवढंच एयूपीत असतं. होस्टिंगवाल्याची एयूपी असते, तशी घरी फायबर देणाऱ्याचीही असते. भाषा इंग्रजी आणि वकिली, त्यामुळे कुणी वाचत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण अशा अनेक एयूपी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येतं, मजकूर ऐंशी टक्के सारखाच आहे. एकदा एक नीट समजली की पुढच्या पाहताना फक्त आकडे आणि मुदती तपासायच्या राहतात.

नियम कुठून येतात

आपल्याकडे छोट्या संस्थेची साइट बहुधा ओळखीतल्या वेब डिझायनरने करून दिलेली असते. त्याच्याकडे रीसेलर खातं, म्हणजे घाऊक जागा घेऊन पुढे विकायचं खातं असतं. ते खातं होस्टिंग कंपनीचं. कंपनीने सर्व्हर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले असतात आणि डेटा सेंटरला जगाशी जोडणारं नेटवर्क तिसऱ्याच कुणाचं असतं. यातल्या प्रत्येकाने आपल्या वरच्याच्या एयूपीवर सही केलेली असते. म्हणजे तुमच्या होस्टिंगवाल्यावर तुमच्यासारख्याच अटी लागू आहेत, आणि तुमच्या चुकीचं उत्तर त्याला वर द्यावं लागतं.

ही साखळी नुसती कागदावरची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे मॅककोलो नावाची होस्टिंग कंपनी होती. जगभरातल्या हॅक केलेल्या संगणकांकडून स्पॅम, म्हणजे न मागितलेले घाऊक मेल, पाठवून घेणारी मोठमोठी जाळी तिच्या सर्व्हरवरून चालवली जात. तक्रारींना ती दाद देत नव्हती. वॉशिंग्टन पोस्टसाठी लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी गोळा झालेले पुरावे मॅककोलोला इंटरनेट पुरवणाऱ्या ग्लोबल क्रॉसिंग आणि हरिकेन इलेक्ट्रिक या कंपन्यांपुढे ठेवले. ११ नोव्हेंबर २००८ रोजी मॅककोलोची जोडणी तुटली, आणि जगातलं स्पॅमचं प्रमाण एका दिवसात निम्म्याहून खाली आलं. हे करायला कोर्टाचा आदेश लागला नाही. वरच्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकाला बाहेर काढलं, बस. पुढच्या काही महिन्यांत स्पॅम पुन्हा वाढला हे खरं, पण होस्टिंगच्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्या दिवशी पाहिलं की ग्राहकांच्या उद्योगांपायी आख्खी कंपनी अंधारात जाऊ शकते. तुमच्या साइटबद्दल तक्रार आली की होस्टिंगवाला आधी ती बंद करतो आणि मग बोलतो, त्यामागे ही भीती असते.

कल्पना मात्र याहून जुनी आहे. १९९५ पर्यंत अमेरिकेतल्या इंटरनेटचा कणा होता एनएसएफनेट, तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणारा. तो संशोधन आणि शिक्षणासाठी, खासगी धंद्यासाठी नाही, असं त्याच्या एयूपीत लिहिलेलं होतं. धंदेवाईक वापर वाढत गेला तसे नियम बदलले. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट या तेव्हाच्या चर्चा-जाळ्यावरच्या पाच हजारांहून अधिक गटांत एका झटक्यात टाकली. संतापलेल्या लोकांची उत्तरं इतकी आली की त्यांना इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे सर्व्हर पुन्हा पुन्हा कोसळले, आणि कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. त्यांनी उलट कंपनीलाच खटल्याची धमकी दिली. करारात घाऊक जाहिरातींबद्दल स्पष्ट ओळ असणं किती गरजेचं आहे, हे या प्रकरणाने सगळ्यांना पटलं. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यामुळे भारतीय ग्राहकांच्या वाट्याला हे नियम बरेचसे तयारच आले.

मेल: सगळ्यात जास्त खाती इथे अडकतात

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि त्या सगळ्यांचे मेल बहुधा एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचा आकड्यांतला पत्ता) बाहेर पडतात. एका भाडेकरूच्या भानगडीमुळे पोस्टाने आख्ख्या चाळीची पत्रं उचलणं बंद करावं, तसं इथे होतं. एका साइटने स्पॅम पाठवला की त्या पत्त्यावरच्या डॉक्टरांचे रिपोर्ट, दुकानदाराची बिलं, शाळेच्या सूचना, सगळंच समोरच्याच्या मेलबॉक्सबाहेर अडकतं.

हे कसं होतं ते जरा जवळून पाहू. स्पॅमहाउस नावाची संस्था १९९८ पासून बदनाम आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवते. समजा तुमचा मेल २०३.०.११३.१५ या पत्त्यावरून निघाला. (हा पत्ता खास उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे.) मेल घेणारा सर्व्हर हा पत्ता उलटा करतो, १५.११३.०.२०३, त्यापुढे झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव जोडतो, आणि साइटचं नाव शोधण्यासाठी वापरतात त्याच डीएनएस यंत्रणेला विचारतो: असं नाव आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर पत्ता स्वच्छ. १२७.०.०.२ आलं तर पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत. १२७.०.०.४ आलं तर तिथलं यंत्र हॅक झालेलं असावं. १२७.०.०.१० किंवा ११ आलं तर पत्ता घरगुती कनेक्शनसारख्या वापराचा आहे आणि तिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही. प्रश्न आणि उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, आणि मेल आत घ्यायचा की नाही याचा निर्णय बरेचदा तिथेच लागतो. मेलमध्ये काय लिहिलंय हे पाहण्याची वेळही येत नाही.

आता एयूपीतली मेलबद्दलची कलमं कडक का असतात ते कळेल. विकत घेतलेल्या याद्यांवर मेल पाठवायला सरसकट बंदी असते. दर तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा असते, शेअर्ड होस्टिंगवर ती शेकड्यांत असते. आणि एक कलम आपल्या संस्थांना हमखास चकवतं: मेल घेणाऱ्याची संमती तुम्हाला दाखवता आली पाहिजे. वार्षिक सभेची नोटीस चार हजार सभासदांना पाठवताना ‘आपलेच सभासद आहेत’ असं आपण म्हणतो, पण त्यातल्या काहींनी कंटाळून स्पॅमचं बटण दाबलं की मोजणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियमच केला आहे की जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजार किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्यात. म्हणजे हजारामागे तीनदेखील नाहीत.

यावर उपाय साधा आहे. सभासद-अर्जावरच ‘सूचना ईमेलने चालतील’ अशी चौकट ठेवा, घाऊक मेलसाठी त्याच कामाची वेगळी सेवा घ्या, आणि साइटच्या होस्टिंग खात्यातून फक्त रोजचा पत्रव्यवहार करा. संपर्क-फॉर्मला कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारी चाचणी, लावा. तो नसला की बाहेरचे लोक तुमच्याच फॉर्ममधून तुमच्या नावाने मेल पाठवू शकतात.

साइट हॅक होते तेव्हा

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा प्रकार हाच, म्हणून इथे थोडं थांबतो. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरवरची एखादी साइट घ्या. पाच वर्षांपूर्वी केलेली, त्यानंतर कुणी अपडेट न केलेली. तिच्यातल्या एखाद्या जुन्या प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, भोक असतं. आपोआप फिरणारे प्रोग्रॅम अशी भोकं रात्रंदिवस शोधत असतात. त्यांना तुमची साइट कुणाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. भोक सापडलं की फोटो ठेवायच्या अपलोड्स फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल येऊन पडते. फोटोंच्या फोल्डरमध्ये चालणारा प्रोग्रॅम असायचं काही कारण नाही, आणि जाणकार माणूस तपासताना पहिल्यांदा तिथेच बघतो. त्या फाइलच्या आधाराने एक नवं फोल्डर तयार होतं, त्यात एखाद्या बँकेच्या केवायसी पानाची हुबेहूब नक्कल. तुमचं मुखपृष्ठ जसंच्या तसं असतं, त्यामुळे तुम्हाला काही कळत नाही. तिकडे कुठल्यातरी गावातल्या निवृत्त शिक्षकाला एसएमएस जातो, तो लिंक दाबतो, आणि त्याचा पासवर्ड तुमच्या साइटवरून चोरीला जातो. या माणसाचं नुकसान मालकाच्या गैरसोयीपेक्षा मोठं आहे. कंपनी साइट आधी बंद का करते, याचं मला पटणारं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे.

तक्रार येते कशी? बँकेसाठी काम करणारी सुरक्षा-संस्था त्या आयपी पत्त्याचा मालक शोधते. आशिया-पॅसिफिकमधले पत्ते एपनिक ही संस्था वाटते आणि भारतातले बरेचसे आयआरआयएनएन, जी निक्सीचा (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) भाग आहे. त्यांच्या नोंदीत प्रत्येक नेटवर्कचा तक्रारीसाठीचा मेल दिलेला असतो. ‘अब्यूज’ नावाची मेलपेटी प्रत्येक नेटवर्कने ठेवावी असा संकेत १९९७ सालीच लिहून ठेवलेला आहे. तिथून तक्रार होस्टिंग कंपनीकडे येते आणि कंपनी ती खात्यात नोंदलेल्या मेलवर पाठवते. घोळ नेमका इथे होतो. नोंदलेला मेल असतो डिझायनरचा, त्याने कधीच सोडून दिलेला. एक-दोन दिवसांची मुदत कुणी न वाचता संपते, आणि साइट बंद झाल्यावर संस्थेच्या सचिवांना पहिल्यांदा कळतं. फिशिंगच्या, म्हणजे अशा खोट्या लॉगिन पानाच्या प्रकरणात तर बहुतेक एयूपी पूर्वसूचना न देता बंद करण्याचा हक्क राखून ठेवतात.

आज एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: होस्टिंग आणि डोमेन (साइटचं नाव) या दोन्ही खात्यांत लॉगिन करून तिथे संस्थेचा, रोज उघडला जाणारा मेल आहे ना ते पाहा.

नोटीस आलीच, तर उत्तरात ‘फाइल काढून टाकली’ एवढं पुरत नाही. कंपनीला कळायला हवं असतं की फाइल आत आली कशी आणि ती वाट आता बंद आहे का. कुठला प्लगिन जुना होता, तो काढला की अपडेट केला, सगळे पासवर्ड बदलले का, कधीच्या बॅकअपवरून साइट परत आणली, एवढं चार ओळींत लिहा. वाद घालणारं लांबलचक पत्र पाठवू नका. पलीकडे बसलेला माणूस दिवसभर अशाच तक्रारी हाताळत असतो आणि त्याला साइट परत सुरू करायला लेखी कारण हवं असतं. ते कारण तुम्ही द्या. याशिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायच्या असतात, आणि हे निर्देश सेवा-कंपन्या, डेटा सेंटर आणि कंपन्या-संस्थांनाही लागू आहेत. भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकांची तपासलेली माहिती पाच वर्षं ठेवायची, हेही त्यातच आहे. सर्व्हर घेताना ओळखपत्र मागतात ते यामुळेच.

‘अनलिमिटेड’ म्हणजे किती

जाहिरातीत जागा अमर्याद असते, एयूपीत ती मोजलेली असते. मोजमाप जीबीत नसून बहुधा आयनोडमध्ये असतं. एक फाइल म्हणजे एक आयनोड, एक फोल्डर म्हणजे एक आयनोड, आणि बहुतेक मेल-सर्व्हरवर एकेक मेलसुद्धा एकेक फाइल. मर्यादा काही लाखांची असते. ऐकायला खूप वाटते, पण वर्डप्रेस एका फोटोचे चार-पाच आकार बनवून ठेवतं, साइट पटकन उघडावी म्हणून तयार पानं साठवणारे कॅशचे प्लगिन हजारो फाइली तयार करतात, आणि दहा जणांच्या दहा वर्षांच्या मेलपेट्या तिथेच साठलेल्या असतात. एखाद्या दिवाळी अंकाच्या छायाचित्र-संग्रहाने मर्यादा ओलांडली तर जागा शिल्लक दिसत असूनही नवी फाइल चढत नाही, आणि कारण कुणाला सापडत नाही.

दुसरं मोजमाप प्रोसेसरच्या वेळेचं. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या साइटवर गर्दी लोटली की शेजारच्या साइट मंदावतात आणि खातं आवरलं जातं. तिसरी गोष्ट, साइटचे बॅकअप त्याच खात्यात साठवून ठेवणं बहुतेक एयूपींत नियमाबाहेर असतं. होस्टिंगची जागा साइट दाखवण्यासाठी आहे, कोठारासाठी नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आढळेल.

घरच्या फायबरवर याच जातीची अट म्हणजे एफयूपी, फेअर यूज पॉलिसी. अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग कमी होतो. एका घराला एवढं सहसा लागत नाही. वेग किती खाली आणायचा याची मुभाही कंपनीला पूर्ण नाही. स्थिर ब्रॉडबँडचा वेग एफयूपीनंतर ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असा निर्देश ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये दिला होता.

घरचं कनेक्शन

घरगुती एयूपीत लोक सर्रास मोडतात ती अट म्हणजे कनेक्शन पुढे विकू नये. फायबरचा एक प्लॅन घेऊन पीजीतल्या पंधरा मुलांकडून महिन्याला पैसे घेणं, किंवा शेजारच्या दोन फ्लॅटना वायर टाकून बिल वाटून घेणं, हे बहुतेक करारांत बसत नाही. कारण नुसतं महसुलाचं नाही. त्या पत्त्यावरून जे काही होईल त्याचा माग तुमच्या नावापर्यंत येतो. दुकानातून वाय-फाय द्यायचंच असेल तर रीतसर मार्ग आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा किंवा चहाच्या दुकानालाही परवाना-शुल्काशिवाय पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे सार्वजनिक वाय-फाय देणारं केंद्र, होता येतं.

उघड्या वाय-फायचा धोका महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग पोलिसांनी काढला, आणि तो निघाला नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या घरचा. त्याचं वाय-फाय नीट सुरक्षित नव्हतं, आणि मेल पाठवणाऱ्यांनी ते वापरलं होतं. चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्या रहिवाशाला. ‘ग्राहकाने आपलं कनेक्शन सुरक्षित ठेवावं आणि त्यावरून होणाऱ्या वापराची जबाबदारी घ्यावी’ हे कोरडं कलम वाचताना ही घटना आठवावी.

माणूस नसतानाही कनेक्शनचा गैरवापर होतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो सीसीटीव्ही कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती अगदी सोपी होती: कारखान्यातून येतानाच ठरलेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास मिळेनाशा झाल्या. ज्यांच्या घरच्या कॅमेऱ्यांनी हा हल्ला केला त्यांना पत्ताच नव्हता. आपल्याकडे सोसायटीत आणि दुकानात कॅमेरे बसवून जाणारा माणूस पासवर्ड तसाच ठेवून जातो, हे चित्र सगळीकडे आहे. तो त्याच दिवशी, त्याच्यासमोरच बदलून घ्या. इंटरनेट कंपनीने ‘तुमच्याकडून संशयास्पद ट्रॅफिक येत आहे’ असा मेल पाठवला तर त्याकडे जाहिरात समजून दुर्लक्ष करू नका.

मजकूर, कायदा आणि कंपनीची मर्जी

लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर, दुसऱ्याच्या मालकीचे चित्रपट आणि पुस्तकं, फसवणुकीच्या योजना, व्हायरस: यांवर प्रत्येक एयूपीत बंदी आहे आणि त्यावर वाद नाही. वाद होतो तो मधल्या प्रांतात.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ नुसार ग्राहकाने टाकलेल्या मजकुरासाठी होस्टिंग कंपनी जबाबदार नसते, पण काही अटींवर. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन लिहिण्यावरून अटकेची मुभा देणारं कलम ६६अ रद्द केलं ते सगळ्यांना आठवतं. त्याच निकालातली दुसरी गोष्ट साइट-मालकांसाठी तितकीच मोलाची आहे: कंपनीला बेकायदा मजकुराची ‘माहिती होती’ असं धरायचं असेल तर कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना लागते, कुणीही उठून तक्रार केली म्हणून कायदा कंपनीला मजकूर काढायला लावत नाही. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी मात्र कंपन्यांना सांगितलं की आपले वापर-नियम प्रसिद्ध करा, त्यात कोणता मजकूर चालणार नाही ते लिहा, आणि वर्षातून निदान एकदा ग्राहकाला आठवण करून द्या.

पण कायदा जिथे गप्प आहे तिथे करार बोलतो. डिसेंबर २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने विकिलीक्स या गुप्त सरकारी कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या साइटला आपल्या सर्व्हरवरून काढलं ते अटींचा आधार घेऊन: टाकलेल्या मजकुरावर ग्राहकाचा हक्क असला पाहिजे, आणि विकिलीक्सचा तो नाही, असं कंपनीने म्हटलं. ऑगस्ट २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअर या साइटना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी एका नवनाझी साइटची सेवा तोडली, आणि सहकाऱ्यांना लिहिलं की सकाळी आपला मूड खराब होता म्हणून आपण हे ठरवलं. इतकी ताकद कुणाच्याही हाती असू नये, असंही त्यांनीच लिहिलं. ती साइट गेली याचं मला दुःख नाही. पण प्रत्येक एयूपीत ‘आमच्या निर्णयानुसार, कोणत्याही वेळी’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे छोट्या माणसाकडे फारसं काही नसतं, याची मला खरोखर काळजी वाटते. गावातल्या भ्रष्टाचारावर लिहिणाऱ्या एखाद्या साप्ताहिकाची साइट मानहानीच्या नुसत्या धमकीवर बंद करणं कंपनीला सोपं आणि स्वस्त पडतं. असं काम करणाऱ्यांनी होस्टिंग निवडताना भाव नंतर पाहावा. आधी एयूपीत हे शोधावं की तक्रार आल्यावर ग्राहकाचं म्हणणं ऐकतात का, आणि त्यासाठी मुदत किती देतात.

साइट बंद झालीच तर

काही गोष्टी आधी केलेल्या असल्या तरच उपयोगाच्या. डोमेन संस्थेच्या नावावर आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे असावं. मग होस्टिंग बंद झालं तरी तेच नाव दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतं. बॅकअप स्वतःजवळ असावा. बहुतेक करारांत बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची असते, आणि निलंबित खात्यातला डेटा काही दिवसांनी पुसला जाऊ शकतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप दुसरीकडे होता त्यांच्या साइट परत आल्या.

बंद झाल्यावर पहिला मेल शांतपणे विचारणा करणारा असावा: एयूपीचं कोणतं कलम, कुठली फाइल किंवा कुठला मेल, कोणत्या वेळी? डेटा उतरवून घेण्यापुरता प्रवेश मागा. साइट बंद ठेवूनही तो देता येतो आणि पुष्कळ कंपन्या देतात. मधल्या डिझायनरकडून उत्तर येत नसेल तर मूळ होस्टिंग कंपनी कोणती ते शोधून तिला लिहा. मात्र तिच्या लेखी ग्राहक डिझायनर असतो, त्यामुळे पैसे भरल्याच्या पावत्या आणि डोमेनची नोंद सोबत जोडा.

कंपनी भारतात असेल तर तिच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या २०२३ पासून काम करत आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ‘अन्याय्य करार’ कशाला म्हणतो, त्यात वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क देणारी अट स्पष्ट नोंदलेली आहे, आणि अशी तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. निव्वळ व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही; स्वतःच्या पोटापाण्याच्या व्यवसायासाठी घेणारा धरला जातो. परदेशातल्या, इथे कार्यालय नसलेल्या कंपनीपुढे हे मार्ग फार तोकडे पडतात, आणि वर्षाला हजार-दोन हजार रुपये वाचवताना हेही मोजायला हवं.

आणि २०२१ च्या त्याच नियमांत ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आलेली एक तरतूद जवळजवळ कुणी वापरत नाही. इंटरनेट आणि होस्टिंग कंपन्यांनी आपले नियम आणि करार ग्राहकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या त्याच्या पसंतीच्या भाषेत कळवायचे आहेत. मराठी त्या अनुसूचीत आहे. कनेक्शन किंवा होस्टिंग घेताना कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक मेल करून वापर-नियमांची मराठी प्रत मागा, आणि या नियमाचा उल्लेख करा.